चर्च, मंडळी की ख्रिस्तसभा?

प्रश्न : पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती लोकांविषयी लिहिते आहे. ख्रिस्ती धर्मप्रचारक पौलाविषयीचं ‘पौलाने करिंथच्या चर्चला पत्र लिहिले’ हे वाक्य वाचताना एखाद्या इमारतीला पत्र धाडल्यासारखं वाटतं. मराठी बायबलात ‘मंडळी’ आहे, पण त्याने वऱ्हाडी मंडळी डोळ्यांपुढे येतात. काय वापरावं?

उत्तर : ‘मंडळी’च वापरा. वऱ्हाड आठवलं तरी बिघडत नाही, कारण मूळ शब्दही जमलेल्या माणसांचाच आहे. ग्रीक ‘एक्लेसिया’ म्हणजे अथेन्ससारख्या नगरात नागरिकांची भरणारी सभा. हिब्रू धर्मग्रंथांच्या ग्रीक भाषांतरात तो इस्राएल लोकांच्या मेळाव्यासाठीही आला होता, त्यामुळे येशूच्या अनुयायांच्या कानाला तो ओळखीचा होता. बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’चा १९वा अध्याय जरूर वाचा. इफिसात अर्तमी देवीचे चांदीचे देव्हारे घडवणारा देमेत्रिय, पौलाच्या शिकवणीने धंदा बसेल म्हणून कारागिरांना चिथावतो. नाट्यगृहात ही गर्दी लोटते, आणि आपण कशाला जमलो हे बहुतेकांना ठाऊकच नसतं! त्या गोंधळी जमावालाही मूळ ग्रीकमध्ये ‘एक्लेसिया’च म्हटलं आहे.

पहिल्या पिढ्यांना स्वतःची वास्तू नव्हती. ती माणसं कुणाच्या तरी घरी जमत. रोमकरांना लिहिलेल्या पत्रात पौल प्रिस्किल्ला आणि अक्विला या जोडप्याला सलाम सांगतो आणि त्यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीलाही. ही दोघं तंबू बनवणारी, पौलाचाही धंदा तोच. असं एक घर सिरियात फरात नदीकाठी दुरा-युरोपोस इथे १९३०च्या दशकातल्या उत्खननात सापडलं. साधंच, चौकाभोवती खोल्या असलेलं घर. दोन खोल्यांमधली भिंत पाडून बैठकीची जागा केलेली, एका खोलीत बाप्तिस्म्याचा हौद आणि भिंतींवर चित्रं. इ.स. २५६च्या सुमारास इराणच्या ससानी फौजेच्या वेढ्यात तटबंदी भक्कम करायला शहरवाल्यांनी तटालगतची घरं मातीने भरली, म्हणून त्या भिंती आपल्यापर्यंत पोचल्या. अशा घराला ‘चर्च’ म्हटलं की वाचकाला मनोरा आणि घंटा दिसू लागतात, आणि चित्रच चुकतं.

प्रश्न : मग ‘चर्च’ लिहायचंच नाही का?

उत्तर : वास्तूसाठी खुशाल लिहा, फक्त काळ पाहून. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस स्वतंत्र वास्तू होत्या. डायोक्लेशन या रोमन बादशहाने छळाची सुरुवात केली ती ३०३ साली निकोमेडियातलं चर्च पाडूनच. ३१३ नंतर कॉन्स्टंटाइन बादशहाच्या आश्रयाने मोठी बांधकामं उभी राहिली. तिथे ‘चर्च’ शोभतं.

प्रश्न : आम्ही गोव्यात ‘इगर्ज’ म्हणतो. तो शब्द वेगळा का?

उत्तर : इगर्ज थेट एक्लेसियाच्या वंशातली आहे. ग्रीकमधून लॅटिन, तिथून पोर्तुगीज ‘इग्रेजा’ आणि मग कोंकणी. माणसांचा शब्द वाटेत वास्तूचा झाला. ‘चर्च’चं कूळ निराळं, ते ‘प्रभूचं’ या अर्थाच्या ग्रीक ‘कुरियाकॉन’कडे जातं.

वापराचं एक सांगतो, कारण इथेच गफलत होते. रोजच्या बोलण्यात आपण ‘मंडळींना बोलवा’ म्हणतो. बायबलच्या मराठीत मात्र ती एक मंडळी असते, म्हणून ‘मंडळीला’, आणि अनेक गावांच्या ‘मंडळ्या’. बायबलातल्या ‘प्रकटीकरणा’त आशिया या रोमन प्रांतातल्या सात मंडळ्या आहेत. कानाला खटकलं तरी हे अनेकवचन टाळू नका. अंत्युखियाची मंडळी वेगळी, करिंथची वेगळी, प्रत्येकीची भांडणं वेगळी. ख्रिस्ती धर्म पसरला तो असा गावोगावच्या मंडळ्यांनी, आणि ‘मंडळ्या’ म्हटल्याशिवाय ते कळत नाही.

‘ख्रिस्तसभा’ हा कॅथलिक मराठीतला चांगला शब्द आहे, पण तो सगळ्या जगातल्या ख्रिस्ती समुदायासाठी राखून ठेवा. तुमच्या वाक्यात ‘करिंथ येथील मंडळीला’ लिहा.