अत्रे आपले नाटककार की सिनेमावाले?

लश्करकर
या वर्षी आपल्या ग्वाल्हेरच्या मंडळात आचार्य अत्र्यांवर एक संध्याकाळ करायची ठरतेय. बैठकीत सगळ्यांचा कौल 'श्यामची आई' पडद्यावर दाखवायचा. नाटकाच्या बाजूनं मी एकटा. बोलायला उभा राहिलो आणि नेमका चहा आला, म्हणून उरलेलं इथं लिहितो.

१९३३ला 'साष्टांग नमस्कार', ३४ला 'घराबाहेर', ३५ला 'भ्रमाचा भोपळा', ३६ला 'उद्याचा संसार' आणि 'लग्नाची बेडी'. चार वर्षांत पाच नाटकं, आणि तीही पुण्याच्या कॅम्पातल्या शाळेची हेडमास्तरकी करताना! बोलपटांनी भल्याभल्या नाटक कंपन्यांना कुलपं लावली होती, तेव्हा बालमोहन मंडळी या माणसाच्या जिवावर थिएटरं भरवत होती. मग हेच अत्रे सिनेमाच्या नादी लागले. 'धर्मवीर', 'ब्रह्मचारी', 'ब्रँडीची बाटली', पुढे स्वतःची चित्रपट कंपनी. नाटकांचा तो झपाटा गेला तो गेलाच. माझं म्हणणं एवढंच, की सिनेमानं आपला एक नाटककार पळवला, आणि आपण त्याची आठवण म्हणून सिनेमाच दाखवणार!

मुरारची मावशी
चहा मीच आणला होता. तुम्ही वीस मिनिटं बोलत होतात.

ग्वाल्हेरात बसून 'श्यामची आई'ला नाही म्हणता, याचं नवल वाटतं. त्यातली आई कोण? वनमालाबाई. ग्वाल्हेर संस्थानातल्या बड्या अधिकाऱ्याची मुलगी. मुलीनं सिनेमात जावं हे घरच्यांना अजिबात मान्य नव्हतं. अत्र्यांच्या कंपनीच्या 'पायाची दासी'त त्या होत्या, सोहराब मोदींच्या 'सिकंदर'मध्ये होत्या, आणि शेवटी २००७ साली इथंच ग्वाल्हेरला वारल्या. त्यांची आठवण आपण नाही काढायची तर काय पुणेकरांनी?

मी तो सिनेमा आजीबरोबर पाहिला. अंघोळ झाल्यावर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हटून बसतो आणि आई त्याच्यासाठी दगडावर पदर पसरते, तिथं आजीनं माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. १९५४ला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक पहिल्यांदा द्यायचं ठरलं, तेव्हा हिंदी-बंगाली सगळे रांगेत असताना ते या मराठी सिनेमाला मिळालं. याला पळवून नेणं म्हणतात होय?

दालबाजारचा जुना
दोघंही चुकताय. नाटककाराला सिनेमानं नाही, छापखान्यानं खाल्लं. १९४०ला 'नवयुग' साप्ताहिक सुरू झालं. ५६ला 'मराठा' दैनिक, वर संयुक्त महाराष्ट्राच्या सभा. रोज अग्रलेख लिहून संध्याकाळी मैदान गाजवणारा माणूस तीन अंकी नाटकाला बसणार कधी? आणि सिनेमाच्या दिवसांत नाटक सुटलं हेही खरं नाही. 'जग काय म्हणेल?' ४६चं, 'मोरूची मावशी' ४७चं. (मुरारच्या मावशींनी गैरसमज करून घेऊ नये.)

लश्करकर
आकड्यांवर नका जाऊ. दोन नाटकं दाखवलीत, पण ३६ सालचा तो दम त्यात आहे का? 'मोरूची मावशी' तर विलायती फार्सवर बेतलेली.

आणि मावशी, रडू मलाही येतं. पण त्यातलं रडू साने गुरुजींचं आहे. अत्र्यांची खरी ओळख म्हणजे 'झेंडूची फुले'च्या विडंबनांमधला खट्याळपणा, भोंदूपणाची टोपी उडवणं. सबंध सिनेमात ते अत्रे कुठं सापडले?

मुरारची मावशी
'छडी लागे छमछम'ला थिएटरातली पोरं बाकांवर ठेका धरायची, तिथं सापडले. आणि पुढच्याच वर्षी 'महात्मा फुले' काढला, त्यात सापडले. एका वर्षी कोकणातल्या ब्राह्मणाघरची आई, दुसऱ्या वर्षी जोतीराव-सावित्रीबाई. मराठीसाठीचं रौप्यपदक त्यालाही मिळालं. १९५४ साली फुल्यांवर सिनेमा काढायला पैशापेक्षा छाती जास्त लागते. टोपी उडवणं म्हणजे नेहमी विनोदच करावा लागतो असं थोडंच आहे?

नवा गडी
मी मंडळात सगळ्यात लहान, आधीच माफी मागतो. 'तो मी नव्हेच' कुणी काढतच नाहीये! १९६२चं, म्हणजे सिनेमे करून झाल्यावरचं. लखोबा लोखंडे कोर्टात उभा. साक्षीदार बोलायला लागला की फिरता रंगमंच वळतो, आणि तोच माणूस दुसऱ्या गावात, दुसऱ्या वेशात, दुसऱ्या बाईला फसवतोय. पुन्हा वळला की कोर्ट. पडदा पाडून सेट बदलत बसायची भानगड नाही. '३६ सालच्या दिवाणखान्यातल्या नाटकात असलं काही आहे का? मला तर सरळ दिसतं की हे सिनेमात हात फिरलेल्या माणसाचं लिखाण आहे. लश्करकर काका, सिनेमानं नाटककार पळवला असेलही, पण परत पाठवताना त्याला काहीतरी शिकवून पाठवलंय.

दालबाजारचा जुना
पोरगं हुशार आहे, पण इथं घसरलं. ते नाटक माधव काझी नावाच्या भामट्याच्या खऱ्या खटल्यावरून घेतलंय. साक्ष, मग घटना, पुन्हा साक्ष, हा साचा कोर्टाचाच आहे. त्यासाठी स्टुडिओत जायची गरज नाही. आणि फिरत्या रंगमंचाइतकंच श्रेय लखोबा करणाऱ्या प्रभाकर पणशीकरांना द्या. आत दोन मिनिटांत वेश बदलायचा आणि बाहेर येताना चालसुद्धा वेगळी. कॅमेऱ्यापुढे त्याला कट म्हणून दुसऱ्या दिवशी घेतात.

नवा गडी
साचा कोर्टाचा, मान्य. पण साक्ष अर्धी तोडून घटनेत कधी शिरायचं, हे कोर्ट शिकवत नाही.

लश्करकर
हा मुद्दा चांगलाय रे. माझा मूळ मुद्दा मी सोडत नाही, कारण पंधरा वर्षं गेली ती गेलीच. पण 'तो मी नव्हेच' माझ्या हिशोबात धरायला विसरलो, हे कबूल.

म्हणजे आता ते करायचं म्हणता? आपल्या सभागृहाच्या रंगमंचावर टेबल सरकवलं तरी फळी कुरकुरते. फिरता मंच कुठून आणणार?

मुरारची मावशी
म्हणूनच म्हणते, सिनेमा. पडदा आमच्या गच्चीवर आहे, गेल्या गणपतीतला. फक्त त्यावर उंदरांनी कुठं भोकं पाडलीत ते रविवारी कुणीतरी येऊन बघा. लश्करकर, तुम्हीच या. चहा देईन.