लहान खोलीसाठी हाय-फाय स्पीकर आणि जोडीदाराच्या अटी

मंद्रसप्तक

नमस्कार. स्पीकर निवडण्याविषयी जाणकारांचा सल्ला हवा आहे. आमची बैठकीची खोली ३.६ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि २.७ मीटर उंच आहे. गाणे ऐकायचे ते तिथेच, कारण दुसरी जागा नाही. माझे पती संध्याकाळी याच खोलीत वाचत बसतात. त्यांचा गाण्याला विरोध नाही, पण स्पीकरचा विषय निघाला की पुस्तकातून मान वर न करता ते तीन अटी सांगतात: जमिनीवर काहीही उभे राहणार नाही, वायर दिसणार नाहीत आणि पलीकडच्या खोलीत धडधड जाणार नाही. भिंतीला लागून असलेल्या बुटक्या कपाटावर जे मावेल ते चालेल, एवढी सवलत त्यांनी दिली आहे.

माझा जीव मात्र जमिनीवर उभ्या राहणाऱ्या एका उंच जोडीवर जडला आहे. ती मी एका मोठ्या दालनात ऐकली आणि तिचा खर्ज अजून कानात आहे. माझ्याकडे चॅनेलमागे ४० वॅटचा ॲम्प्लिफायर आहे आणि माझे ऐकणे बहुतांशी कंठसंगीत, तबला व थोडे जॅझ असे असते. कपाटावरचे लहान स्पीकर घेणे म्हणजे खर्जावर पाणी सोडणे होईल का? मागे पोर्ट (हवा आत-बाहेर जाण्याचे नळीसारखे छिद्र) असलेला स्पीकर भिंतीजवळ मुळीच चालत नाही, हे कितपत खरे आहे? पतींचे मन वळवण्यासाठी कोणाला एखादा युक्तिवाद सुचत असेल, तर तोही हवा आहे.

स्वरकोन

युक्तिवादाच्या फंदात पडू नका. तुमच्या खोलीपुरते बोलायचे तर तुमचे पती जे मागत आहेत, तेच एखाद्या ध्वनितज्ज्ञानेही सुचवले असते.

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ध्वनीची अर्धी तरंगलांबी नेमकी बसली, की ती कंप्रता (सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या, जी हर्ट्‌झमध्ये मोजतात) त्या खोलीत फुगते. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, तर तुमच्या खोलीच्या लांबीसाठी सुमारे ४८, रुंदीसाठी ५७ आणि उंचीसाठी ६४ हर्ट्‌झ असे आकडे येतात. तिन्ही अगदी शेजारी शेजारी आहेत. मोठ्या दालनात असे फुगवटे बरेच खालून सुरू होतात आणि बासच्या, म्हणजे खर्जाच्या, पट्ट्यात इतके दाटीने येतात, की एखादा वेगळा जाणवत नाही. तुम्हाला आवडलेली उंच जोडी ४० हर्ट्‌झच्या आसपास पोहोचत असेल, तर तुमच्या खोलीतले हे तिन्ही फुगवटे ती पूर्ण जोराने उठवील. तबल्यात हे लगेच पकडता येते. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली मींड सलग चढायला हवी. अशा खोलीत ती एका ठिकाणी एकदम जाड होते, पुढे पातळ होते आणि बोल संपल्यावरही तो जाड भाग मागे रेंगाळत राहतो. पलीकडच्या खोलीत जाणारी धडधडही मुख्यतः याच पट्ट्यातली असते, कारण साधी भिंत वरचे स्वर बऱ्यापैकी अडवते, पण खालच्यांपुढे तिचे फारसे चालत नाही.

आता भिंतीविषयी. स्पीकर भिंतीपासून जितका लांब तितका चांगला, असे सरसकट सांगितले जाते आणि लहान खोलीत ते धड उपयोगी पडत नाही. स्पीकरच्या मागच्या भिंतीवरून परतणारा ध्वनी एका विशिष्ट कंप्रतेला मूळ ध्वनी खोडतो. ती कंप्रता काढायची तर ध्वनीच्या वेगाला अंतराच्या चौपटीने भागायचे. स्पीकरचा दर्शनी भाग भिंतीपासून ९० सेंटिमीटरवर असेल, तर हा खड्डा ९५ हर्ट्‌झला पडतो आणि ६० सेंटिमीटरवर असेल, तर १४३ हर्ट्‌झला. हा नेमका पुरुषी आवाजाचा आणि डग्ग्याचा प्रदेश आहे. तोच स्पीकर कपाटावर मागे सरकवून दर्शनी भाग ३० सेंटिमीटरवर आणला, तर खड्डा २८६ हर्ट्‌झपर्यंत वर जातो आणि तिथे तो सहसा उथळ असतो, कारण त्या कंप्रतेपासून स्पीकर हळूहळू पुढच्या दिशेला अधिक ध्वनी फेकू लागतो. त्याच्या खालच्या साऱ्या पट्ट्याला भिंत उलट जोर देते. म्हणजे भिंतीजवळच्या लहान स्पीकरला खर्जाची उसनवारी मिळते. ती फाजील होऊ नये, एवढेच पाहायचे.

त्यासाठी माझी पसंती बंद खोक्याच्या, म्हणजे पोर्ट नसलेल्या स्पीकरला आहे. बंद खोक्याचा बास खाली जाताना सप्तकामागे १२ डेसिबलने उतरतो, तर पोर्टवाल्याचा २४ डेसिबलने. पहिला उतार सौम्य असल्याने लहान खोलीतून मिळणारी भर त्याला बेताने पूरक ठरते. लहान खोक्यातून नीटस खर्ज काढण्याचा हा मार्ग जुना आहे. अमेरिकी संशोधक एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये एआर-१ या स्पीकरमध्ये खोक्यात कोंडलेल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग केला आणि कपाटाएवढे स्पीकर शेल्फवर मावू लागले. बीबीसीने १९७० च्या दशकात बाहेरील प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी घडवलेला एलएस३/५ए तर जेमतेम ३० सेंटिमीटर उंचीचा, बंद खोक्याचाच आहे आणि कंठसंगीतासाठी आजही लोक तो शोधत असतात.

याची किंमत संवेदनशीलतेत, म्हणजे ठरावीक वॅटमध्ये किती मोठा आवाज निघतो त्यात, मोजावी लागते. लहान खोके, खोल बास आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज या तिन्हींपैकी दोनच गोष्टी एका वेळी पदरात पडतात. तुमच्या खोलीत तिसरी सोडून देण्याने काही बिघडत नाही.

धीमी_लय

वरच्या उत्तरात एक बाजू राहिली आहे. शेजारी कोणी वाचत असताना तुम्ही ऐकणार, म्हणजे आवाजाची पातळी साध्या बोलण्याएवढी, साठेक डेसिबलची असणार. या पातळीला मानवी कानाला खालचे स्वर फार कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये याचे आलेख प्रसिद्ध केले होते आणि जुन्या ॲम्प्लिफायरवर ‘लाउडनेस’ नावाचे जे बटण असे, ते याच उणिवेसाठी होते. मोठ्या आवाजात काटेकोर सपाट वाटणारा स्पीकर म्हणूनच रात्री कृश वाटतो. तुमच्या ॲम्प्लिफायरवर ते बटण किंवा निदान बासचा खटका असेल, तर तो निःसंकोच वापरा. शुद्धतेच्या नावाखाली हे खटके काढून टाकण्याची जी रीत पडली, तिने हळू आवाजात ऐकणाऱ्यांचे नुकसानच केले, असे माझे स्पष्ट मत आहे.

निवडतानाही याच पातळीला ऐका. दुकानात विक्रेता आवाज चढवतो आणि चढलेला आवाज नेहमीच अधिक चांगला वाटतो. त्याला तो इतका खाली आणायला सांगा, की तुम्ही दोघे आवाज न चढवता बोलू शकाल. मग एखादी विलंबित बंदिश लावा. त्या पातळीलाही तानपुऱ्याची जवारी आणि गायकाचा श्वास वेगळा कळला आणि शब्दांचे अंत्याक्षर गिळले गेले नाही, तर तो स्पीकर तुमच्या उपयोगाचा. वॅटची काळजी करू नका. एका वॅटला एका मीटरवर ८४ डेसिबल देणारा कमी संवेदनशील स्पीकर घेतला, तरी तुमच्या नेहमीच्या पातळीला एक वॅटसुद्धा लागणार नाही. उरलेले सगळे समेवरच्या थापेसाठी राखीव राहतील.

रंधा

बंद खोक्याचा आग्रह मला पटत नाही. आज बाजारात बंद खोक्याचे पर्याय मोजके आहेत आणि केवळ तेवढ्यासाठी चांगला पोर्टवाला स्पीकर नाकारणे व्यवहाराला धरून नाही. मागे पोर्ट असला, तरी पोर्ट आणि भिंत यांच्यात त्याच्या व्यासाएवढी मोकळी जागा सोडली, तर हवा कोंडत नाही. तरीही बास जड वाटला, तर पोर्टमध्ये फोमचा बोळा घालावा. अनेक कंपन्या तो स्पीकरसोबतच देतात. बोळा घातलेला स्पीकर बऱ्याच अंशी बंद खोक्यासारखा वागतो.

मला अधिक चिंता कपाटाची वाटते. त्याच्या माथ्यावर बोटाच्या पेराने ठोकून पाहा. पोकळ, ढोलासारखा आवाज आला, तर स्पीकरखाली दाट रबराचे किंवा फोमचे पॅड घालावेच लागतील, नाहीतर कपाट स्वतःच वाजू लागेल. काचेची दारे असतील, तर एखादा लांबलेला खालचा स्वर लावून प्रत्येक दारावर हात ठेवून पाहा. बिजागरीपाशी होणारी बारीक झरझर पुष्कळदा स्पीकरच्या माथी मारली जाते आणि निर्दोष स्पीकर परत केला जातो. स्पीकर कपाटाच्या पुढच्या कडेपर्यंत आणा, म्हणजे माथ्यावरून उसळणारा ध्वनी मूळ ध्वनीत मिसळणार नाही. कपाट बुटके असल्याने ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा भाग) कानाच्या खाली राहील, म्हणून पुढून थोडे उचलून त्याचा रोख कानाकडे करा.

वायरचा प्रश्न सर्वांत सोपा आहे. तीन मीटरच्या अंतराला १.५ चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर पुरते आणि ती कपाटाच्या मागच्या कडेला चिमट्यांनी बसवता येते.

मंद्रसप्तक

सर्वांचे मनापासून आभार. स्वरकोन आणि रंधा यांची मते एकमेकांना छेद देताना दिसतात. आमच्या कपाटाची खोली ४० सेंटिमीटर आहे. स्पीकर पुढच्या कडेपर्यंत आणला, तर दर्शनी भाग ४० सेंटिमीटरवर जाईल. मागे सरकवला, तर ३० वर. यातले काय निवडावे? पुढेमागे एक लहान सबवूफर (फक्त खर्ज वाजवणारा वेगळा स्पीकर) कपाटाच्या आड ठेवला, तर उंच जोडीची उणीव भरून निघेल का?

स्वरकोन

४० सेंटिमीटरला खड्डा २१४ हर्ट्‌झवर येईल. तो २८६ इतका निरुपद्रवी नाही, पण ९५ किंवा १४३ पेक्षा पुष्कळ बरा. कडेपर्यंत आणा, तिथे रंधा यांचे म्हणणे रास्त आहे, कारण माथ्यावरून होणारे परावर्तन आवाजाचा स्पष्टपणा थेट बिघडवते.

सबवूफरची घाई करू नका. साधारण ८० हर्ट्‌झच्या खाली ध्वनी कोणत्या दिशेने येतो ते कानाला नीट उमगत नाही, म्हणून तो लपवता येतो हे खरे. पण तो वाजवील तो पट्टा नेमका तुमच्या तीन फुगवट्यांचा आणि पलीकडच्या खोलीतल्या धडधडीचा आहे. मोजमाप करून इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीने फुगवटे कापता येतात. खड्डे मात्र भरता येत नाहीत, कारण तिथे जितका ध्वनी वाढवावा तितकाच परावर्तनाने खोडला जातो. त्याआधी तुमची खुर्ची पाहा. ती मागच्या भिंतीला टेकलेली असेल, तर ४८ हर्ट्‌झचा फुगवटा तिथे कमाल असतो आणि खोलीच्या बरोबर मध्यावर तो जवळपास नाहीसा होतो. खुर्ची भिंतीपासून अर्धा-पाऊण मीटर पुढे घेतल्याने होणारा बदल अनेकदा स्पीकर बदलण्यापेक्षा मोठा असतो.

धीमी_लय

पसंतीची जोडी ठरली, की खरेदीआधी तिच्या मापाचे पुठ्ठ्याचे दोन खोके कपाटावर काही दिवस ठेवून द्या. २० सेंटिमीटर रुंदी कागदावर किरकोळ वाटते, पण दिव्याच्या उजेडात आणि पुस्तकांच्या शेजारी ती वेगळीच दिसते. तुमच्या पतींना ती खटकली, तर तेव्हाच कळेल. शक्य असेल, तर जोडी चार दिवस घरी आणून ऐकण्याची मुभा मागा आणि त्या काळात आवाजाचा रिमोट त्यांच्या हाती द्या. ते तो कुठवर चढू देतात, त्या पातळीला तुम्हाला गाणे पुरे वाटते का, हे दुकानात समजणार नाही.

मंद्रसप्तक

खुर्ची खरोखरच भिंतीला टेकलेली आहे. ती पुढे घ्यायला पतींची हरकत नाही, फक्त वाचनाचा दिवाही पुढे घ्यावा लागेल. मागे पोर्ट असलेली एक आणि बंद खोक्याची एक, अशा दोन जोड्यांची यादी केली असून दोन्हींच्या मापाचे खोके आजच कापते. उंच जोडीचा विचार तूर्त बाजूला ठेवला आहे. दोन्ही जोड्या घरी ऐकायला मिळाल्या, तर डग्ग्याच्या मींडेचा फरक इथे लिहीन.