कंपाउंडलगत देशी फुलझुडपं: तांबडी माती, भरपूर पाऊस

खानापूररोड_साइट
बेळगावहून खानापूरकडं जाताना 30×40 ची साइट आहे. घरापुढं कंपाउंडलगत 24 फूट लांब, 4 फूट रुंद पट्टा मोकळा ठेवलाय. माती तांबडी, दीड फुटाखाली मुरूम. वरच्या थरात बांधकामाचा राडा मिसळलेला. सकाळी दहापासून चारपर्यंत ऊन. जुलैत पाणी साचतं, एप्रिल-मेमध्ये बोअर जेमतेम चालते. नर्सरीत टिकोमा, दुरांटा आणि कागदी फूल एवढंच दाखवतात. मला इथलीच झुडपं हवीत, 5-6 फुटांत राहणारी, बिनकाट्याची (घरात लहान मुलं आहेत), आणि वर्षातून बहुतेक महिने काहीतरी फुललेलं असावं. काय लावू?

जांभाखडक
आधी राडा काढा, मग झाडांची यादी करा. सिमेंट आणि चुन्याचे तुकडे मातीत राहिले की सामू (pH) वाढतो, लोह असूनही मुळांना मिळत नाही. पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला की हेच कारण. एक्झोरा म्हणून मिळणारा बकोरा यात सगळ्यात आधी पिवळा पडतो, आणि लोक त्याला युरिया घालत बसतात. वरची फूटभर माती चाळून खडे बाजूला करा, भिंतीपासून दीड फूट सोडून लावा. पिवळेपणा आलाच तर फेरस सल्फेट लिटरला 5 ग्रॅम, थोडं लिंबू पिळून, संध्याकाळी पानांवर फवारा. तो तात्पुरता उपाय, राडा तसाच असेल तर पुन्हा येणार.

पाणी साचतं म्हणता, तर सपाट पट्ट्यात खड्डे करू नका. 9 इंच उंच, अडीच फूट रुंद वरंबा घाला, उतार रस्त्याकडं. खड्डा दीड फूट लांब-रुंद-खोल. दोन भाग तिथलीच माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, 100 ग्रॅम निंबोळी पेंड. अर्धं कच्चं शेणखत टाकलं तर वाळवीला आमंत्रण.

झाडं:

धायटी. जानेवारी ते एप्रिल लाल फुलं, शिंजीर पक्षी दिवसभर येतात. मुरमाड जमीन तिच्या घरची. मात्र पसरते 5-6 फूट, म्हणून कोपऱ्यात एकच. फुलं जुन्या फांदीवर येतात, तेव्हा छाटणी बहर संपल्यावर मेमध्ये. दिवाळीत ‘नीट दिसावं’ म्हणून कापली तर त्या वर्षी फुलं विसरा.

भारंगी. पावसाळ्यात निळसर फुलं, 4-5 फूट. कोवळी पानं भाजीला चालतात, त्यामुळं घरच्या लोकांची तक्रार येत नाही.

बकोरा. राडा काढला असेल तरच.

जांभळी कोरांटी. ऑक्टोबर ते जानेवारी. पिवळ्या कोरांटीला काटे असतात, जांभळीला नसतात. विकत घेताना फांदी हातानं चाचपून बघा. पावसाळ्यात 6 इंचाची फांदी टोचली तरी मूळ धरते.

पुढच्या ओळीत अबोली. ती दक्षिण भारत-श्रीलंकेचीच. नर्सरीत कानडी पाटी असेल तर ‘कनकांबर’ म्हणून मागा.

पूर्ववाला_काळीमाती
वरचं सगळं बरोबर, पण कुणी अथणी-चिकोडीकडून हे वाचत असेल तर तसंच्या तसं करू नका. काळ्या रानात धायटी कुढते, बकोरा तर नकोच, चुनखडीच्या जमिनीत तो कायम पिवळा. तिथं तरवड. पिवळी फुलं, पाणी जवळजवळ नाही, शेळ्या फारशा तोंड लावत नाहीत. कानडीत तंगडी किंवा आवरिके. रोप आणू नका, सोटमूळ खोल जातं, पिशवीत वेटोळं होतं आणि झाड पुढं उभंच राहत नाही. बी पॉलिश पेपरवर घासून किंवा गरम पाण्यात रात्रभर भिजवून मृगात जागेवरच टोका, एका ठिकाणी 3 बिया, अर्धा इंच खोल. पानं अळ्यांनी खाल्ली तर औषध मारू नका, ती पिवळट फुलपाखरांची पिल्लावळ आहे, झाड पुन्हा फुटतं.

आणि काळ्या मातीत खोल खड्डा करून त्यात भुसभुशीत खत भरणं म्हणजे घागर पुरल्यासारखं. चारी बाजूंची चिकणमाती पाणी सोडत नाही, मुळं कुजतात. उंचवटा करा, खत वरून द्या.

मोगरा_कुंती
कुंतीचं नाव कुणी कसं घेतलं नाही? इथलीच आहे, वासाची, कापून कितीही ठेवा.

जांभाखडक
घ्यायला हरकत नाही, पण शेजारी लिंबू असेल तर नको. लिंबावरची सायला कीड कुंतीवरच वाढते आणि मग लिंबावर जाते.

आणखी एक. नर्सरीत ‘देशी’ म्हटलं की जुनी, साध्या फुलाची जात एवढाच अर्थ असतो. ‘देशी जास्वंद’सुद्धा मूळची इथली नव्हे. पिवळी कण्हेर तर अमेरिकेची, वर विषारी. मुलं असलेल्या घरात लावूच नये.

खानापूररोड_साइट
लिंबू आहे, तेव्हा कुंती बाद. 24 फुटांत किती बसतील? आणि धायटीचं रोप कुठं मिळतच नाही.

जांभाखडक
कोपऱ्यातले 5 फूट धायटीला. राहिलेल्या 19 फुटांत 3 फुटांवर एक: 2 भारंगी, 2 बकोरा, 2 कोरांटी. पुढं फुटाफुटावर 18 अबोली. धायटीसमोरची जागा मोकळी. अबोलीच्या ठिकाणी आधी वांगी-टोमॅटो असतील तर सूत्रकृमी (मुळांना लागणारे बारीक कृमी) लागतात, तेवढं बघा. अबोलीचं सुकलेलं कणीस खुडत राहिलात तर फुलणं थांबत नाही. बी हवं असेल तर थोडी कणसं ठेवा. पाणी पडलं की बोंडं तडकून बी लांब उडतं, म्हणून आधीच काढा.

धायटीची बोंडं मेच्या सुमारास तपकिरी होतात. बी धुळीसारखं बारीक. ट्रेमध्ये ओल्या मातीवर नुसतं भुरभुरा, झाकू नका, तळातून पाणी द्या. रोपं बोटभर झाली की पिशवीत. जंगलातून झाड उपटून आणू नका, जगतही नाही आणि भीमगड अभयारण्यात तो गुन्हाही आहे.

पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला झाडामागं 10 लिटर, आणि उसाचं पाचट 3-4 इंच जाड. खोडापासून चार बोटं दूर ठेवा, नाहीतर ओलीनं साल कुजते.