लाकडी स्टॉकचं बेडिंग: कंपाउंड कोणतं आणि रायफल चिकटू नये म्हणून काय लावायचं?

प्रोन_50मी
.22 बोल्ट अ‍ॅक्शन रायफल, अक्रोडाचा स्टॉक (दस्ता), बोल्टचा धातूचा भाग म्हणजे अ‍ॅक्शन त्यात धरून ठेवणारे दोन अ‍ॅक्शन स्क्रू. उन्हाळ्यात 50 मीटरवर ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा घोळका) चांगला येतो. जुलैत वरळीला त्याच लॉटची काडतुसं वापरूनही ग्रुप उभा पसरतो आणि झीरो (साइट जुळवलेला नेम) सरकतो. गनस्मिथ बेडिंग (अ‍ॅक्शनखालची लाकडातली जागा इपॉक्सीने भरून तिच्या मापाची करणं) करून द्यायला तयार आहेत, पण कंपाउंड आणि रिलीज एजंट (धातूला ते चिकटू नये म्हणून लावायचा थर) मीच आणून द्यायचं आहे. साधं अ‍ॅरल्डाइट चालेल का? आणि अ‍ॅक्शन आत कायमची चिकटली तर?

पटाशी_आणि_कानस
आधी बेडिंगची गरज आहे का ते बघा. डायल गेजचा स्टँड बॅरलला बांधा, टोक स्टॉकच्या पुढच्या भागावर टेकवा आणि पुढचा स्क्रू हळूहळू सैल करा. काटा 0.05 मिमीच्या आत हलला तर बेडिंग ठीक आहे, दोष दुसरीकडे शोधा. 0.1 मिमीच्या वर गेला तर स्क्रू आवळताना अ‍ॅक्शन वाकतेय. मग स्टॉक फुगला की ताण बदलतो आणि झीरोही बदलतो.

अ‍ॅरल्डाइट स्टँडर्ड चालेल, पण नुसतं नको. ते पातळ आहे, खोबणीच्या कडेवरून ओघळतं. त्यात अ‍ॅल्युमिनियम पावडर घालून श्रीखंडाइतकं घट्ट करा. रेझिन आणि हार्डनरचं प्रमाण आकारमानाने 1:1, वजनाने 100 ला 80. लोक इथेच चुकतात: वजनकाट्यावर समसमान घेतलं की हार्डनर जास्त होतो आणि गोळा चिवट राहतो. पाच मिनिटांत सेट होणारं अजिबात घेऊ नका, अ‍ॅक्शन नीट बसवायच्या आत ते घट्ट होतं. एम-सीलही नको. मळलेला गोळा दाबल्यावर पसरत नाही, आत पोकळ्या राहतात.

पैसे घालायची तयारी असेल तर डेव्हकॉन प्लास्टिक स्टील पुट्टी ए. रेझिन आणि हार्डनर वजनाने 9:1. .22 ला 70 ग्रॅम पुष्कळ झालं, म्हणजे 63 ग्रॅम रेझिन आणि 7 ग्रॅम हार्डनर. 0.1 ग्रॅम दाखवणारा काटा हवाच, 7 च्या जागी 8 पडले तरी प्रमाण बिघडलं. कामाचा वेळ 24 अंशांना सुमारे 45 मिनिटं. आपल्याकडच्या 32-33 अंशांत त्याच्या निम्मा धरून चाला. एसी लावून काम केलंत तर वेळही मिळतो आणि हवाही कोरडी राहते.

मेणाचा_हात
चिकटण्याबद्दल. रिलीज एजंट न लावल्यामुळे अ‍ॅक्शन अडकते हे अर्धंच खरं. बहुतेक वेळा ती अडकते कारण कंपाउंड एखाद्या भोकात किंवा खाचेत शिरून तिथेच घट्ट होतं. याला मेण काही करू शकत नाही. ट्रिगरच्या पिनांची भोकं, मॅगझिनची खाच, सेफ्टीची फट, सगळं मुलांच्या क्लेने भरा आणि ब्लेडने पृष्ठभागाबरोबर सपाट कापा. रिकॉइल लग (गोळीचा मागचा धक्का स्टॉकवर टेकवणारा धातूचा दात) असेल तर त्याच्या पुढे, खाली आणि दोन्ही बाजूंना इन्सुलेशन टेपचा एक थर द्या. मागची बाजू मात्र उघडी ठेवा, रिकॉइल तिथेच बसायला हवा.

एजंट म्हणून मोल्ड रिलीज वॅक्स सगळ्यात सोपं. फायबरग्लासचं सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानात मिळतं, गणपतीच्या फायबरच्या साच्यांना लावतात तेच. पातळ थर द्या, दहा मिनिटांनी फडक्याने चमकवा, मग दुसरा थर. स्क्रूच्या आट्यांनाही लावा, त्या हमखास विसरल्या जातात. रंगहीन बूट पॉलिशही चालतं, फक्त त्यातलं टर्पेंटाइन पूर्ण उडू द्या, नाहीतर रेझिनचा पृष्ठभाग मऊ पडतो. पीव्हीएचा द्रव मेणावर दुसरं कवच म्हणून छान, नंतर पाण्याने निघतो. पण पावसाळ्यात तो लवकर वाळत नाही आणि ओला असताना रेझिन लागलं तर सुरकुत्या पडतात. सिलिकॉन स्प्रे त्या खोलीतसुद्धा उडवू नका. लाकडावर बसला की कंपाउंड लाकडालाच धरत नाही, आणि तो पुसून जात नाही.

पटाशी_आणि_कानस
लाकडाचं राहिलं. अ‍ॅक्शनखाली 2 ते 3 मिमी खोल कोरा, वरच्या कडेची पट्टी तशीच ठेवा म्हणजे बाहेरून काम दिसणार नाही. तळाला 3 मिमी ड्रिलची चार-पाच आंधळी (आरपार न जाणारी) भोकं पाडा, पकड येते. तेल मुरलेलं असेल तर अ‍ॅसिटोनने दोन-तीनदा पुसा. दोन्ही स्क्रूंच्या जागी अ‍ॅल्युमिनियमचे पिलर (स्क्रूभोवती बसणाऱ्या नळ्या) घाला, नाहीतर लाकूड दबत राहील आणि तुम्ही दर महिन्याला स्क्रू आवळत बसाल. पिलर आणि पाने नागदेवी स्ट्रीटला मिळतील.

कंपाउंड मधोमध उंचवट्यासारखं घाला म्हणजे अ‍ॅक्शन बसताना हवा बाजूला निघते. स्क्रू पूर्ण आवळू नका. बसली की नुसते टेकवा. आवळलेत तर जो ताण काढायला निघालो तोच कायमचा साच्यात बसेल. बॅरल पुढे मधोमध राहावी म्हणून तिच्यावर टेपचे दोन वेढे द्या. बाहेर आलेलं कंपाउंड पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाने लगेच पुसा. 24 तास हात लावू नका.

प्रोन_50मी
आणि तरीही नाही निघाली तर?

मेणाचा_हात
हातोडा नको. स्क्रू काढा, सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळून दोन-तीन तास फ्रीझरमध्ये ठेवा. स्टील आकुंचन पावतं, मग बॅरलला रबरी मॅलेटच्या हलक्या टिचक्या द्या. स्क्रूच अडकला असेल तर सोल्डरिंग आयर्न त्याच्या डोक्यावर मिनिटभर टेकवा, इपॉक्सी गरमीने मऊ पडते.

लायसन्स_आधी
हे काम गनस्मिथच्या दुकानातच होऊ द्या, घरी नको. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 नुसार बंदुकीच्या दुरुस्तीला परवाना लागतो.

पटाशी_आणि_कानस
बरोबर. आणि पावसाळा उलटून जाऊ द्या, नोव्हेंबरात लाकूड कोरडं असतं. आता ओल्या लाकडावर केलंत तर ते नंतर आकसून कंपाउंडपासून सुटेल. बेडिंग झाल्यावर बॅरलच्या खोबणीला आणि बट प्लेटखालच्या (स्टॉकच्या मागच्या टोकाच्या पट्टीखालच्या) उघड्या लाकडाला पॉलियुरेथेनचे दोन हात मारा. जुलैतला ओलावा तिथूनच आत शिरतो.