मदत हवी आहे : दारू सोडलेल्या यजमानांचा सगळा आधार आजारी कुत्र्यावर आहे, पुढची तयारी कशी करावी?

नमस्कार. माझ्या यजमानांनी दारू सोडून तीन वर्षांहून अधिक काळ झाला आहे. पुण्यातील एका केंद्रात उपचार पूर्ण करून ते साताऱ्याला परतले, तेव्हा आमच्या बंड्याला (गावठी कुत्रा आहे) फिरवून आणण्याचे काम त्यांनी आपणहून मागून घेतले. संध्याकाळी सात ते नऊ ही त्यांची पूर्वीची बसण्याची वेळ. ती रिकामी ठेवू नका, असे समुपदेशकांनी बजावले होते आणि ती बंड्यामुळे भरून निघाली. पहिल्या वर्षी नातेवाईक त्यांच्या तोंडाचा वास घेत बोलत असत, मीसुद्धा खिसे तपासत असे. मागचा हिशेब न काढणारा घरात हा एकच जीव होता, त्यामुळे त्यांचा ओढा तिकडे गेला याचे मला कधी नवल वाटले नाही. कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत पाहत राहिले, तर दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन (जवळीक आणि माया वाढवणारे संप्रेरक) वाढते, असे जपानमधील संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले आहे. आमच्या ओट्यावर ते रोज घडत होते.

आता बंड्या बारा वर्षांचा आहे आणि त्याची मूत्रपिंडे निकामी होत चालली आहेत. रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडे किती काम करतात ते दाखवणारा घटक) ५ च्या वर गेले आहे, तोंडाला वास येतो, खाण्यावरची वासना गेली आहे. पशुवैद्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले की आता आठवड्यांचा हिशेब धरा, फार तर दोन-तीन महिने. हे त्यांनी यजमानांनाही सांगितले आहे. मात्र यजमान ते ऐकून घेतात आणि पुढच्या रक्ततपासणीची तारीख विचारतात.

घरी रोज सलाईन तेच देतात. खांद्यांमधली कातडी चिमटीत उचलून सुई सरकवायची, मग तिथे पाण्याचा फुगवटा येतो आणि रात्रीपर्यंत तो ओघळून पुढच्या पायाकडे उतरतो. केंद्रात दाखल केले त्या दिवशी ज्या हातांना चहाचा कप धरवत नव्हता, ते हात आता इतके स्थिर असतात की बंड्या हलतसुद्धा नाही. किती मिली गेले ते कालनिर्णयवर पेन्सिलीने लिहिले जाते. डॉक्टरांनी लिहून दिलेली स्वतःची डायसल्फिरामची गोळीही (ही चालू असताना दारू प्यायली तर खूप त्रास होतो) ते त्याच वेळी घेतात, कारण दोघांची औषधे एकाच डब्यात, वारांच्या कप्प्यांत लावलेली असतात. बंड्याची गोळी बंद झाली की त्यांचीही बंद होईल, ही माझी सगळ्यात मोठी आणि अगदी व्यावहारिक भीती आहे.

त्यांच्या मायेविषयी माझी तक्रार नाही. मला काळजी वाटते ती याची की बाकीचे आधार एकेक करून गळून पडले आहेत. ‘बंड्या एकटा राहत नाही’ या कारणाने आधी एए ची (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडलेल्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) बुधवारची मीटिंग सुटली, मग फॉलोअपला पुण्याला जाणे सुटले, आणि ज्या ज्येष्ठ मित्राला ते रात्री-अपरात्री फोन करत असत, त्यांचा फोन आता हे उचलतही नाहीत. मध्यंतरी ते मुलीला म्हणाले, “मी याच्यासाठी सोडली.” ती बिचारी त्यानंतर दोन दिवस गप्प होती. मलाही ते लागले, पण त्याहून अधिक धसका बसला, कारण ज्याच्यासाठी सोडली तोच उरला नाही तर काय, हा प्रश्न त्या वाक्यात आधीच बसलेला आहे.

शिवाय माणूस गेल्यावर निदान दहा-बारा दिवस घर भरलेले असते, कोणी ना कोणी जवळ बसून असते. कुत्र्याचे सुतक नसते आणि रजाही मिळत नाही. आमच्या दिरांनी तर आत्ताच म्हणून टाकले आहे की एवढे काय, कुत्रेच तर आहे.

मला जाणकारांकडून आणि विशेषतः या वाटेने गेलेल्यांकडून काही गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. यजमानांना न सांगता मी आधीच त्यांच्या समुपदेशकांशी बोलावे का, की तो त्यांना विश्वासघात वाटेल? बंड्याचे हाल वाढले आणि त्याला कायमचे झोपवण्याची वेळ आली, तर तो निर्णय त्यांच्यावर सोपवावा, की संमतीपत्रावर सही मी करावी? “मीच मारला” हे ओझे त्यांना पेलेल असे मला वाटत नाही, आणि त्यांना वगळले तर तेही ते विसरणार नाहीत. बंड्या असतानाच मीटिंग पुन्हा सुरू करण्यासाठी तेवढा वेळ त्याच्याजवळ मी थांबते असे सुचवले, तेव्हा सलाईन देणे तुला जमणार नाही, असे उत्तर आले. म्हणून मी आता पशुवैद्यांकडून ते शिकून घेत आहे. त्यांचे एए मधले सोबती आमच्या घरी येऊन बसले तर ते नियमात बसते का, हेही कोणी सांगावे.

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट असल्याचे ऐकून आहे. यजमानांनी उपचार दुसरीकडे घेतले असले तरी मला तिथे येता येईल का, हे माहीत असलेल्यांनी जरूर कळवावे. व्यसनमुक्तीची १४४४६ आणि टेलिमानसची (मानसिक आरोग्यासाठीची सरकारी सेवा) १४४१६ ही हेल्पलाईन मला माहीत आहे, दोन्ही क्रमांक फ्रिजवर लावलेले आहेत.

एक विनंती आहे. लगेच दुसरे पिल्लू आणा, हा सल्ला कृपया देऊ नये. तो घरातून, सोसायटीतून आणि किराणा दुकानातूनही मिळून झाला आहे. दारू सोडल्यानंतर ज्यांचे पाळीव जनावर गेले, त्यांनी पहिले काही आठवडे संध्याकाळचे दोन तास कसे काढले आणि घरच्यांचे काय उपयोगी पडले, काय नकोसे झाले, एवढे सविस्तर लिहिले तरी मोठी मदत होईल. उघडपणे लिहिणे अवघड वाटत असेल, तर व्यक्तिगत निरोप पाठवला तरी चालेल.