फोटोत चेहरा दाखवायचा की झाकायचा, हे ठरवायचं कुणी?

मांजराकाठ:
लातूर जिल्ह्यात एचआयव्हीसह जगणाऱ्या बायकांसोबत झालेल्या एका अभ्यासात मी काम केलं. पद्धत फोटोव्हॉइस. यात संशोधक फोटो काढत नाही. बायकांनीच आपलं रोजचं जगणं टिपायचं आणि मग गोल बसून त्या फोटोंवर बोलायचं. कॅरोलिन वांग आणि मेरी ॲन बरिस यांनी १९९०च्या दशकात चीनमधल्या युनानच्या खेड्यांत, तिथल्या बायकांबरोबर ही पद्धत घडवली. आमचा नियम होता: चेहरा नको, नाव नको.

एका ताईंनी गोळ्यांच्या बाटलीचा फोटो काढला. लेबल नखानं खरवडलेलं, आत कापूस कोंबलेला. एसटीत पिशवी हलली की गोळ्या वाजतात, म्हणून कापूस. घरात अंधार, म्हणून त्यांनी बाटली ओट्यावर आणून ठेवली होती. तालुक्याला प्रदर्शन लागलं तेव्हा सगळे त्याच फोटोपुढे थांबत होते. आणि बाटलीमागच्या भिंतीवर घरकुलाची माहिती रंगवलेली होती: योजना, साल, लाभार्थ्याचं नाव. नाव अर्धंच आलं होतं. तेवढं पुरलं. आठ दिवसांत गिरणीवाल्यानं त्यांचं दळण घेणं बंद केलं.

चूक आमची. फोटो आम्ही चौघांनी तपासला होता, आणि चौघंही फक्त चेहरा शोधत होतो. माझं मत आता पक्कं आहे: अशा आजारात फोटो गटाबाहेर जाऊच नयेत. बाई हो म्हणाली तरी.

कोरडवाहू:
ताई, त्या माउलीचं फार वाईट झालं. पण 'हो म्हणाली तरी' हे मला सहन होत नाही. मी बीडकडचा, पारधी समाजातला. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कितीतरी जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. १९५२ला कायदा गेला, नजर गेली नाही. गावात चोरी झाली की आधी आमची पालं उचकतात.

आमच्या वस्तीवर असाच फोटोंचा अभ्यास झाला. पोरांनी, बायांनी जीव लावून फोटो काढले. अहवाल आला तर प्रत्येकाच्या डोळ्यांवर काळी पट्टी. माझी आजी म्हणाली, "म्या काय चोरी केली व्हय, माह्या डोळ्याला पट्टी लावाया?" पेपरात आरोपीला बुरखा घालून उभा करतात, तशीच दिसत होती आमची माणसं. संस्थेला वाटलं, आपण यांना जपलं.

मांजराकाठ:
दादा, आजींचा प्रश्न खरा आहे. पण तुमच्यावरचा शिक्का गावाला आधीच ठाऊक. चेहरा दाखवून तुम्ही तो पुसू बघता. आमच्या ताईंचं गावाला ठाऊकच नव्हतं. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून त्या वर्षानुवर्षं शेजारच्या जिल्ह्यातल्या एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथं, जायच्या. २०१७च्या एचआयव्ही कायद्यानंसुद्धा संमतीशिवाय ही माहिती फोडायला मनाई केली आहे.

उसाचं पाचट:
कायदा संमती मागतो ना? मग बंदी तुम्ही का घालता? ऊसतोड बायकांच्या गर्भाच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न आठवा. २०१९ला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीडमध्ये ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांवर बायकांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. माझी चुलती त्यातलीच. ती म्हणते, आकडा सगळ्यांनी वाचला, पस्तिशीत माझी कंबर गेली ती कुणी बघितली? तिला फोटोत यायचंय, नावासकट. तिला नको म्हणणारे आपण कोण?

बाभूळ:
मी स्वतः पॉझिटिव्ह आहे. बारा वर्षं झाली. मलाही नावासकट यायचं होतं. सही केली, चेहऱ्यासह फोटो छापला, आणि खरं सांगते, त्या दिवशी ऊर भरून आला होता. पुढं तीन वर्षांनी मुलीला स्थळं यायला लागली. फोटो काढून टाका म्हणून फोन केला. उत्तर आलं, "अहवाल छापून झाला, इंटरनेटवर गेला, आता आमच्या हातात नाही." सही माझी, सोसलं मुलीनं. त्या फोटोत ती नव्हतीच, पण माझ्या चेहऱ्यावरून तिचं घर कळतंच की.

पाचट, तुमच्या चुलतीला जरूर येऊ द्या. पण त्यांना सहीच्या दिवशी विचारा, फोटो हातात आल्यावर परत विचारा, छापायच्या आदल्या दिवशी परत. आणि दर फोटोचं वेगळं विचारा. माझ्याकडून सगळ्या फोटोंना मिळून एकाच कागदावर सही घेतली होती, कॅमेरा हातात यायच्याही आधी. कशाला हो म्हणतेय ते मला तरी कुठं ठाऊक होतं?

कोरडवाहू:
बाभूळताई, पटलं. पण तिसऱ्यांदाही कुणी हो म्हणालं, तर पट्टी लावायची का? आजी मागच्या उन्हाळ्यात गेली. घरात तिचा तेवढा एकच फोटो आहे. पट्टीवाला.

मांजराकाठ:
नाही लावायची. 'हो म्हणाली तरी' हे मी मागे घेते. मात्र एचआयव्हीच्या बाबतीत घरातल्यांवर काय येईल, हे तिच्याजवळ बसून बोलल्याशिवाय एकही फोटो भिंतीवर लावणार नाही. त्या ताईंचं दळण अजून आमची कार्यकर्ती तालुक्याहून करून आणते.

आणि दादा, संस्थेकडे आजींच्या फोटोची पट्टी नसलेली मूळ फाइल असायला हवी. मागून घ्या. टाळाटाळ केली तर मला व्यनि (खासगी निरोप) करा, पत्र मी लिहून देते.