अनुभव धागा: गवळ्यांचे वाडे की कबरी? आपल्याकडची शिळावर्तुळं

नागपूर-काटोल रस्त्यालगत जुनापाणीच्या माळावर काळ्या धोंड्यांची सुमारे ३०० रिंगणं आहेत. महुरझरी, टाकळघाट-खापा, नैकुंड इथेही तशीच. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची, महापाषाणकालीन (म्हणजे दफनावर मोठाले धोंडे मांडायचे त्या काळातली) दफनं. एवढं पुस्तकात मिळतं. तुमच्या घरी काय सांगायचे ते लिहा. ऐकीव चालेल, व्हॉट्सॲपवरचं नको.

पऱ्हाटी
आजीच्या लेखी ते गवळ्यायचे वाडे. हजारो गुरं, रात्री कोंडायला धोंडे गोल मांडले. मी विचारलं, "आजी, दोन धोंड्यांच्या मधून वासरू निघून नाही जाणार?" तर म्हणे, "तवाची जनावरं आयकत होती बाबू, तुह्यासारखी नोहती."

इंग्रजी अमदानीतल्या नोंदींतही हीच गवळ्यांची कथा आहे, म्हणजे आजीनं मनचं काही घातलेलं नव्हतं. पण महुरझरीला १९७०च्या सुमारास नागपूर विद्यापीठानं खोदलं, तर निघाला घोडा! माणसासोबत पुरलेला, डोक्याला तांब्याच्या पत्र्याचा साज. शिवाय लोखंडी हत्यारं. गायीम्हशी राखणारे घोडा असा सजवून पुरतील? आजी असती तर म्हणाली असती, राजे होते ना ते.

हिंगण्याची सून
आमच्याकडे एकच विषय, गुप्तधन. वर नागोबा बसलेला. तरी अवसेच्या रात्री कुणीतरी उकरून गेलंच. सकाळी पाहतो तर लिंबं, कुंकू आणि खापरं, आतून काळी, बाहेरून लाल. सासरे म्हणाले, "धन नेलं, मडकी टाकली." खापरं पोरांनी लगोरीला नेली. त्याच खापरांवरून तज्ज्ञ काळ ठरवतात, हे कुणाला माहीत होतं?

जुना हिस्लॉपियन
आमच्या कॉलेजला ज्यांचं नाव, ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८६३च्या सप्टेंबरात टाकळघाटची वर्तुळं बघून घोड्यावरून परतताना पुरात वाहून गेले. मामांच्या गावी याचा अर्थ सरळ लावतात: कबर उकरली, भोवलं. मी म्हणतो, पावसाळ्यातला नाला कुणालाच सोडत नाही. मामा अजून ऐकत नाहीत.

धुऱ्यावरचा
आमच्या वावरात एक होतं. आजोबा नांगर वळवून घ्यायचे, आत पाय नाही. मग ट्रॅक्टर आला आणि धोंडे धुऱ्यावर गेले. शेजाऱ्याचं अजून आहे, कारण त्याची बायको तिथं नारळ फोडते. पुरातत्त्वाच्या निळ्या पाटीपेक्षा तो नारळ जास्त कामाचा, असं माझं मत. भांडायचं तर भांडा.

कातळवेडा
जुनापाणीच्या काही धोंड्यांवर रांगेनं छोटे गोल खळगे आहेत. उन्हं कलल्यावर जा, भर दुपारी दिसत नाहीत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या मंडळींनी ते ताऱ्यांच्या दिशांशी ताडून पाहिलेत. आमच्या चुलत्यांचं मत: गवळणींची दुधाची मापं.

धागाकर्ता
मापं भारी! नैकुंडकडचं कुणी आहे का? तिथं लोखंड गाळायची भट्टी सापडली होती. तिच्याबद्दल गावात काय सांगतात?